इको (अर्थशास्त्र) आणि भूगोल एकत्र घेतलंय, आता अभ्यास कसा करायचा

ॲडमिशनच्या आधी एक काम करा, थेट भूगोलाच्या डिपार्टमेंटला जाऊन विचारा की इको मेजर आणि भूगोल मायनर (किंवा उलटं) खरंच मिळतं का, कारण दोन्ही विषय कॉलेजात असले तरी प्रॅक्टिकल आणि इकोचं लेक्चर एकाच वेळी येऊ शकतं. ठाण्यात नाही जमलं तर मुलुंड, कल्याण बघा. पुढे एमए इको करायचं असेल तर गणित सोडू नका.

आता मुख्य गोष्ट. जमीन आणि भाडं या टॉपिकला तरी दोन विषयांच्या दोन वह्या करू नका. इकोत अर्थतज्ज्ञ रिकार्डो येतो, जमीन जास्त सुपीक तर खंड (म्हणजे जमिनीचं भाडं) जास्त. भूगोलात फॉन थ्युनन येतो, त्याने 1826 मध्ये मांडलं की बाजारापासून लांब गेलं की वाहतूक महागते आणि खंड कमी होतो, म्हणून दूध-भाजी शहराजवळ आणि गुरं चारणं सगळ्यात लांब. 1964 मध्ये अलोन्सोने हेच शहरातल्या जागेला लावलं. तिघं एकाच पानावर लिहा, एकदा नीट समजलं की पाठांतर लागत नाही.

मग ते पान घेऊन बाहेर पडा. ठाणे स्टेशन, गोखले रोड, तीन हात नाका, माजिवडा, पुढे घोडबंदर रोड, प्रत्येक ठिकाणी चार-पाच गाळ्यांचं स्क्वेअर फुटाचं भाडं विचारा (एजंटला आधीच सांगा प्रोजेक्ट आहे, त्याचा वेळ फुकट घालवू नका). आडव्या अक्षावर स्टेशनपासूनचं अंतर, उभ्यावर भाडं. रेघ सरळ उतरली नाही, मधेच कुठे वर गेली, तर ती का गेली हेच तुमचं उत्तर.

दुसरी ट्रिप नवी मुंबईतलं घणसोली गावठाण. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, 1970 ची, नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, 1984 च्या जानेवारीत या जमिनींसाठीच्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला आणि त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत द्यायची योजना आली. हे विसरून नुसते नोड्सचे (नवी मुंबईतल्या आखीव उपनगरांचे) नकाशे काढू नका प्लीज. वाढलेली किंमत कोणाला मिळाली हे इको विचारतं, गावठाणातली दाटी आणि शेजारच्या सेक्टरचे रुंद रस्ते हे भूगोल दाखवतो, आणि दोन्ही पाहायला फक्त एक रस्ता ओलांडावा लागतो.

आकडे वापरताना सांभाळा. 2011 च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा पालघरसकट आहे, पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, त्यामुळे आत्ताच्या ठाण्याशी थेट तुलना केली तर सगळं गणित चुकतं. क्षेत्रघनी नकाशात (आकड्यांप्रमाणे प्रत्येक भाग फिका-गडद रंगवतात तो) नुसती लोकसंख्या रंगवू नका, घनता किंवा टक्केवारी घ्या. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्याच सेमला शिकून घ्या.

भूगोलाच्या प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, मात्र दर आठवड्याला पूर्ण करा, साठलं की इकोच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर रात्रभर नकाशे काढत बसावं लागतं.