सेवावर्षासाठी आलेल्या परदेशी तरुणांना घरी ठेवताना

जर्मनीच्या आर्थिक सहकार्य व विकास मंत्रालयाने २००८ मध्ये ‘वेल्टवेर्ट्स’ ही योजना सुरू केली. तिच्यातून १८ ते २८ वयोगटातील तरुण बहुधा वर्षभर परदेशातील एखाद्या सामाजिक संस्थेत काम करतात. त्यांतले काही पुण्यासारख्या शहरांतही येतात आणि संस्थेने सुचवलेल्या कुटुंबात राहतात. बरेच जण शाळा संपवून थेट आलेले असतात आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहत असतात. त्यांना ठेवून घेणाऱ्या कुटुंबाने एक गोष्ट आधीच पक्की करावी, ती म्हणजे पाहुणचार पहिल्या आठवड्यातच संपवायचा. वर्षभर पाहुणा म्हणून वावरणे त्या मुलालाही जड जाते आणि घरच्यांनाही झेपत नाही.

कागदपत्रांचे काम मात्र पहिल्याच दिवशी हाती घ्यावे. परदेशी व्यक्ती घरी उतरल्यापासून २४ तासांच्या आत घरमालकाने तिची माहिती ऑनलाइन नोंदवणे बंधनकारक आहे. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आगमनानंतर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडेही नोंद करावी लागते. ही जबाबदारी कोण पार पाडणार, हे संस्थेशी बोलून आधीच ठरवावे.

खोली लहान असली तरी चालेल, पण तिला आतून कडी असावी. दार लावून बसणे म्हणजे रुसणे, असा अर्थ आपल्याकडे चटकन काढला जातो. या मुलांच्या घरी मात्र ती रोजची सवय असते. घराची एक किल्ली पहिल्याच दिवशी द्यावी. गिझर किती वेळ लावायचा, पिण्याचे पाणी कोणते, ओला आणि सुका कचरा कुठे टाकायचा, रात्री किती वाजेपर्यंत परतायचे आणि उशीर झाल्यास कोणाला कळवायचे, हे सारे शांतपणे बसून सांगावे. आपल्या मुलांना जे न सांगता कळते ते यांना सांगावेच लागते, आणि स्पष्ट सांगितल्याचा त्यांना राग येत नाही.

जेवणाच्या बाबतीत आग्रह आवरणे सर्वांत कठीण, आणि तेच सर्वांत गरजेचे. आपल्याकडे पहिला नकार संकोचाचा समजून पुन्हा वाढले जाते, पण जर्मन घरात ‘नको’ म्हणजे नकोच असते. त्यामुळे ताटात पडलेली चौथी पोळी तो मुलगा कसाबसा संपवतो आणि पुढे जेवणाची वेळच टाळू लागतो. सुरुवातीला वरणभात, दही, कमी तिखट भाजी असे साधे जेवण असावे. तिखट हळूहळू वाढवता येते. आठवड्यातून एक संध्याकाळ स्वयंपाकघर त्याच्या हाती सोपवावे आणि ताट धुणे, भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे ही कामे मुलगा असो वा मुलगी, आपल्या मुलांइतकीच वाटून द्यावीत. घरातल्या कामात वाटा मिळाला की परकेपणा जितका लवकर जातो, तितका तो कोणत्याही सहलीने जात नाही.

बरेच जण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोहोचतात. तो पावसाचा, डासांचा आणि गणेशोत्सवाचा काळ असतो. मच्छरदाणी तयार ठेवावी, आणि ताप आल्यास घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे न्यावे, कारण याच दिवसांत डेंग्यू पसरतो. विम्यासाठी प्रत्येक बिल जपून ठेवायला सांगावे. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. मायदेशी लस घेतली असली तरीही. संस्थेपर्यंतचा प्रवास पहिल्या एक-दोन दिवशी सोबत जाऊन दाखवावा, नंतर एकट्याने जाऊ द्यावे.

घरची आठवण सुरुवातीच्या नवलाईत दबलेली असते, आणि नवलाई ओसरली की वर येते. बोलणे कमी झाले, झोप वाढली, तर प्रश्नांचा भडिमार न करता सोबत चहा घ्यावा, फिरायला न्यावे. २४ डिसेंबरची संध्याकाळ विशेष सांभाळावी, कारण जर्मनीत नाताळचा मुख्य कौटुंबिक सोहळा त्याच संध्याकाळी असतो.

राहण्याजेवणाचा खर्च आणि हातखर्च योजनेतून मिळतो, त्यामुळे पैशांचे व्यवहार संस्थेमार्फतच करावेत. त्या मुलाकडे उसने मागू नयेत. न पटणारी गोष्ट आधी त्याच्याशीच बोलावी. तरीही तिढा सुटला नाही, तर संस्थेने नेमलेल्या मार्गदर्शकाला लगेच बोलवावे आणि घर बदलणेच योग्य वाटत असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे.