जुन्या शेतांच्या रेघा चांदीत उतरवताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये काही कुरणांवर मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे आणि सऱ्या आजही दिसतात. त्यावरून ब्रोच करायला घेतला की बहुतेकजण अख्खा देखावाच त्यात कोंबतात, झाड पण हवं, कुंपण पण हवं, चर्चचा मनोरा पण हवा, आणि मग हातात येतं ते एक गिचमिड पदक. प्लीज असं करू नका, नुसती रेघ घ्या, ती पुरते.

आणि ती पट्टीने सरळ ओढू नका! नांगराला बैलांच्या बऱ्याच जोड्या जुंपलेल्या असायच्या, एवढी लांब रांग शेताच्या टोकाला वळवायची म्हणजे आधीपासूनच तिरकं जायला लागायचं, म्हणून त्या सऱ्यांना उलट्या एससारखा बाक आलाय. तो बाक काढून टाकला तर उरतो फक्त पन्हळी पत्रा. वरून काढलेला फोटो समोर ठेवा आणि त्यावरूनच ट्रेस करा.

रोलिंग मिलमधून (दोन रोलरमध्ये पत्रा दाबणारं यंत्र) ठसा पुसट येतोय? बहुतेक वेळा पत्रा नीट ॲनील झालेला, म्हणजे तापवून मऊ केलेला, नसतो. मंद उजेडात हलका लालसर दिसेपर्यंत तापवा, पिकल करा (सौम्य आम्लात बुडवून स्वच्छ करा) आणि पूर्ण कोरडा करा, कारण ओल राहिली तर रोलरला गंज धरतो. ठशासाठी जाड कागदाच्या कापलेल्या पट्ट्या वापरा आणि एकाच पासमध्ये काढा, दुसऱ्यांदा फिरवलं की रेघा डबल होतात.

ही शेतं उठून दिसतात ती कलत्या उन्हात, म्हणजे सगळा खेळ सावलीचा. म्हणून ऑक्सिडाइज करून सरी काळी ठेवायची आणि वरंबा उजळायचा, पण हे सगळं सोल्डरिंग संपल्यावरच, नाहीतर सोल्डरिंगच्या टॉर्चची आग लागली की काळेपणा गेलाच समजा. डाग पडत असतील तर पत्र्यावर बोटांचं तेल आहे, आधी घासून धुवा. मोटरच्या बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) तर अजिबात धरू नका, वरंबे झिजून सपाट होतात, सपाट काठीला पॉलिश पेपर चिकटवून हातानेच वरवर फिरवा.

वजनाचा विचार पण आधीच करा. ५० बाय ३० मिमीचा १ मिमी जाड चांदीचा पत्रा साधारण साडेपंधरा ग्रॅम भरतो, पातळ कापडावर तो पुढे झुकणारच. जाडी ०.८ मिमी घेतली की साडेबारावर येतं, आणि पिन मधोमध न लावता वरच्या एक तृतीयांशात लावा.