एमबीबीएसला जाताना घरची परिस्थिती कशी मांडावी?

एमबीबीएसच्या प्रवेश अर्जात घरची हकीकत लिहायला रकानाच नसतो. नीटचे गुण आणि दाखले, एवढ्यावरच यादी लागते. मग कॉलेज ससूनशेजारचं बी.जे. असो की दुसरं कुठलं सरकारी. हकीकत सांगायची वेळ येते ती वसतिगृहाच्या, ट्रस्टच्या किंवा पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थेच्या अर्जात.

पहिलं काम दाखल्यांचं. निकालाची वाट न पाहता ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. ओबीसींसारख्या प्रवर्गांसाठीचा नॉन-क्रिमिलेअर आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठीचा ईडब्ल्यूएस, दोन्ही दाखल्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाखांची. पण नॉन-क्रिमिलेअरला आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, ईडब्ल्यूएसला धरतात. सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे सगळ्यात आधी लागा.

दुसरं काम लिहिण्याचं, आणि इथेच बहुतेक अर्ज फसतात. ‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मी खूप जिद्दी आहे’ हे वाक्य गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी असं लिहा:

‘वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पावसाळ्यात आवक घटली की मजुरीही घटते. आम्ही पाच जण जनता वसाहतीत एका खोलीत राहतो. क्लास परवडला नाही, म्हणून कॉलेज सुटल्यावर अभ्यासिकेत बसायचो. सकाळी आईला डबे भरू लागायचो, तेवढ्यात जीवशास्त्राची उजळणी व्हायची.’

यात रडगाणं नाही, फुशारकीही नाही. अडचण काय होती, तिनं अभ्यासाचं काय अडलं आणि तुम्ही कोणता मार्ग काढला, हे तिन्ही कळतं. घरातलं आजारपण किंवा व्यसन सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. मदत मिळावी म्हणून घरची लक्तरं वेशीवर टांगायची काही गरज नाही. पण जे लिहाल ते खरंच असू द्या. काही संस्था घरी येऊन पाहणी करतात.

मग मागणी. ‘आर्थिक साहाय्य मिळावे’ एवढ्यानं भागत नाही. मेस, पुस्तकं, खोली, प्रवास, प्रत्येकाचा आकडा द्या. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. अशा मुलीनं ट्रस्टकडे फी मागितली तर अर्ज बाजूला पडतो. मेसचे पैसे मागितले तर वाचला जातो.

मुलाखतीला कागदपत्रांच्या मूळ प्रती न्या. उत्पन्नाचा आकडा अर्जात एक आणि तोंडी दुसरा, असं होऊ देऊ नका. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, अर्जही भरणार असाल, तर आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हे आधीच पाहून ठेवा. पैसे त्याच खात्यात येतात.