दुरुस्तीनंतर इंजिन बिघडले, तर दोष कसा शोधावा

सर्व्हिसिंग करून आणलेली पेट्रोल गाडी दोन-चार दिवसांत आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथरू लागली, सिग्नलला बंद पडू लागली किंवा तिचा पिकअप गेला, तर पहिला संशय नुकताच ज्या भागाला हात लागला आहे त्याच्यावर घ्यावा. अशा वेळी ‘पेट्रोल खराब असेल, एक टाकी संपू द्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकून थांबू नये. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये मिसफायर होत असून (म्हणजे मिश्रण नीट पेटत नसून) न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जात आहे असे समजावे आणि गाडी चालवणे थांबवावे. तेलाचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढला, तर इंजिन तत्काळ बंद करावे.

आधी बिल वाचून कोणकोणते भाग उघडले गेले त्यांची यादी करावी. बॅटरीची वायर काढू नये आणि कुणाला कोड (इंजिनने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) पुसू देऊ नयेत, कारण त्यासोबत इंजिनच्या कंट्रोल युनिटने साठवलेली माहिती जाते आणि पुरावाच नाहीसा होतो. त्यानंतर थंड इंजिनवर वायरींचे कपलर (जोड) पूर्ण बसले आहेत का, एअर फिल्टरचे झाकण नीट लागले आहे का आणि होज पाइपच्या क्लिपा घट्ट आहेत का, हे पाहावे.

एवढ्यात दोष सापडला नाही, तर खरे काम सुरू होते. मी यातच दीड महिना घालवला होता. स्पार्क प्लग बदलून आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा भाग) साफ करून आणल्यानंतर माझ्या गाडीचे आयडलिंग वरखाली होऊ लागले आणि पी०१७१ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. एका ठिकाणी इग्निशन कॉइल बदलली गेली, दुसऱ्या ठिकाणी फ्यूल पंप बदलायला सांगितले. हवा जास्त येते आहे की पेट्रोल कमी येते आहे, हे मात्र कुणीही तपासले नाही.

ही तपासणी साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर होते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती टक्के वाढवत (अधिक) किंवा घटवत (उणे) आहे ते सांगणारे दोन आकडे, वाचून त्यांची बेरीज करावी. ती साधारणपणे उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावी. आधी आयडलिंगला वाचावे, मग इंजिन २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट स्थिर धरून पुन्हा वाचावे. माझ्या गाडीत आयडलिंगला अधिक २४ आणि २५०० वर अधिक ६ असे आकडे आले. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम सर्वाधिक असतो, म्हणून बारीक फटीतून ओढली जाणारी हवा आयडलिंगलाच जास्त जाणवते. याउलट फ्यूल पंप किंवा फिल्टर कमी पडत असेल, तर भार वाढेल तसा आकडा चढत जातो. हा फरक पाहिल्याशिवाय फ्यूल पंपावर एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. हा निकष एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीला नीट लागू पडतो, कारण फटीतून आलेली हवा त्या सेन्सरने मोजलेलीच नसते. जिथे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे फटीमुळे दाब वाढलेला दिसतो, कंट्रोल युनिट त्यानुसार पेट्रोल वाढवते आणि ट्रिमचा आकडा फारसा न हलता आयडलिंगच चढलेले राहू शकते.

आता फट कुठे आहे ते शोधावे. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आवाज बदलतो का हे पाहण्याची पद्धत सर्वत्र चालते, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट घेणारा फवारा मारू नये. त्याऐवजी स्मोक टेस्ट करून घ्यावी. इंजिन बंद असताना इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि फट असेल तिथून तो बाहेर येतो. माझ्या गाडीत तो थ्रॉटल बॉडीच्या खालून, वरून पाहता कधीच दिसला नसता अशा जागेतून, दोऱ्यासारखा बारीक निघाला. आरसा धरला तेव्हा खोबणीतून सुटून दोन धातूंमध्ये चेपलेल्या काळ्या ओ-रिंगची (फट बंद करणाऱ्या रबरी कड्याची) नखाएवढी कड बाहेर आलेली दिसली. जुनी, कडक झालेली रिंग तशीच परत बसवली होती.

नवी रिंग खोबणीत बोटाने पूर्ण फिरवून बसवावी आणि चारही बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळावेत. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर जोर लावल्यास आटे जातात. मग थ्रॉटलचे आयडल रीलर्निंग करून (आयडलिंगची स्थिती कंट्रोल युनिटला पुन्हा शिकवून) ट्रिम पुन्हा वाचावे. माझ्या गाडीत आयडलिंगचा आकडा अधिक ३ वर आला.

ब्रेकचा पेडल हलका करणारा ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो आणि तो होज पाइपने जोडलेला असतो. आयडलिंग बिघडण्यासोबत ब्रेकचा पेडल कडक लागत असेल, तर तो पाइप आधी तपासावा आणि तोवर गाडी रस्त्यावर आणू नये.

दोष सापडल्यावर भाग काढण्यापूर्वी त्याचा आणि स्कॅनरच्या आकड्यांचा फोटो घ्यावा, आणि तो बिलासोबत आधीच्या गॅरेजला लेखी पाठवावा.