फलंदाज जोखायचा तर कारकिर्दीचा तक्ता मिटा, सामन्याचा धावफलक उघडा

ऑस्ट्रेलियाच्या ॲडम व्होजेसची कसोटीतली सरासरी, म्हणजे एकदा बाद होण्यामागे धावा, ६१.८७ आहे. किमान २० कसोटी खेळलेल्या फलंदाजांत त्याच्या वर एकटा ब्रॅडमन. तरीही वेस्ट इंडिजचा जॉर्ज हेडली किंवा दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम पोलॉक यांच्या आधी व्होजेसचं नाव घ्यायला ऑस्ट्रेलियातसुद्धा सहसा कोणी धजावणार नाही. असं का, हे कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत काढता येतं, आणि तीच रीत कुठल्याही फलंदाजाला लावता येते.

व्होजेसचा हिशेब असा: २० कसोटी, ३१ डाव, ७ वेळा नाबाद, १४८५ धावा. त्यातले वेस्ट इंडिजविरुद्धचे चार डाव वेगळे काढा. नाबाद १३०, ३७, नाबाद २६९, नाबाद १०६. धावा ५४२ आणि बाद फक्त एकदा. वजाबाकी केली की उरतात ९४३ धावा आणि २३ वेळा बाद. सरासरी ४१. चांगला, भरवशाचा फलंदाज, पण ब्रॅडमनच्या शेजारी बसणारा नव्हे. तेव्हा कोणाचीही सरासरी हाती आली की सर्वांत मोठी कमाई कोणाविरुद्ध झाली ते आधी पाहायचं, ती काढून टाकायची आणि उरलेल्याचा भागाकार करायचा. आकडा दोन-चारने खाली आला तर काही बिघडत नाही, तसं सगळ्यांचंच होतं. दहा-वीसने कोसळला तर कान टवकारा.

देशाचं नाव नको, गोलंदाजांची नावं वाचा

वजाबाकी करताना एक चूक हमखास होते. लोक प्रतिस्पर्धी देशाचं नाव वाचतात आणि तिथेच थांबतात. सुनील गावसकरची वेस्ट इंडिजविरुद्ध १३ शतकं आहेत, आणि ती सगळी मार्शल-होल्डिंग या तेज जोडीला ठोकली अशा थाटात सांगितली जातात. धावफलक उघडून बघा. १९७१ च्या दौऱ्यात चार शतकं, ७७४ धावा. तेव्हा समोर सोबर्स आणि गिब्ज होते, पण चार-चार तेज गोलंदाजांची ती फौज अजून उभी राहायची होती. १९७८-७९ मध्ये भारतात आणखी चार शतकं, ७३२ धावा. तेव्हा रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर हे तेज गोलंदाज केरी पॅकरच्या खासगी सामन्यांत अडकले होते आणि आला होता तो दुसऱ्या फळीचा संघ. तेरातली आठ इथेच गेली.

म्हणून गावसकर लहान ठरतो का? मुळीच नाही. १९७१ ची मालिका एकवीस वर्षांच्या मुलाची पहिलीच, तीही परदेशात. तिचं मोल त्या कारणाने आहे. आणि उरलेल्या पाचांत १९८३ ची दिल्लीतली १२१ आणि मद्रासची नाबाद २३६ येतात. दोन्हीकडे मार्शल आणि होल्डिंग होते. मद्रासला तर तो चौथ्या क्रमांकावर उतरला तेव्हा फळ्यावर शून्यावर दोन बाद होते. गावसकरच्या थोरवीचा दाखला द्यायचाच तर ७७४ च्या आधी या दोन डावांचा द्यावा.

त्या सामन्यात धावेला भाव काय होता?

आता मुख्य काम. प्रत्येक सामन्यात धाव वेगळ्या भावाने मिळते. तो भाव काढायला चारही डावांच्या एकूण धावा घ्या, त्यातून आपल्या फलंदाजाच्या धावा वजा करा आणि उरलेल्याला बाकीच्या पडलेल्या विकेटनी भागा.

लीड्स, १९८६. भारत २७२ आणि २३७, इंग्लंड १०२ आणि १२८. एकूण ७३९ धावा, ४० विकेट. दिलीप वेंगसरकरच्या ६१ आणि नाबाद १०२, म्हणजे १६३. उरल्या ५७६ धावा आणि ३९ विकेट. भाव निघाला १४.८. इतरांनी जिथे विकेटमागे पंधराही काढल्या नाहीत तिथे वेंगसरकरने डावामागे ८१.५ काढल्या, म्हणजे साडेपाच पट. ही पट म्हणजे त्याचा गुणक. इंग्लंडच्या अकरा जणांनी अवांतर धरून पहिल्या डावात जेवढ्या केल्या, बरोबर तेवढ्याच त्याने दुसऱ्या डावात एकट्याने केल्या.

याच्या दुसऱ्या टोकाला कोलंबो, १९९७. भारत ८ बाद ५३७, श्रीलंका ६ बाद ९५२. सचिनच्या १४३ वजा केल्या तर १३ विकेटमध्ये १३४६ धावा, भाव १०३.५. सचिनचा गुणक दीडपटही नाही. कारकिर्दीच्या तक्त्यात मात्र १४३ वर आणि १०२ खाली. त्या पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या, खेळपट्टीवर श्रीलंकेच्या जयसूर्याने ३४० केल्या. त्याही याच चाळणीतून काढायच्या.

हा हिशेब कुठे फसतो तेही ठाऊक हवं. एका सामन्यात ‘किती वेळा बाद’ने भागू नका; वेंगसरकर एकदाच बाद झाला म्हणून त्याची सरासरी १६३ धरली तर गुणक भलताच फुगतो. एका सामन्यापुरता डावांनीच भागाकार करा. दुसरं, शेपटाच्या, म्हणजे तळाच्या फलंदाजांच्या, विकेट धरल्या की भाव उगाच पडतो. वेळ असेल तर दोन्ही संघांचे पहिले सातच फलंदाज मोजा. तिसरं, खेळपट्टी पाच दिवस एकसारखी राहत नाही. पहिल्या दिवशी हिरवळ आणि तिसऱ्या दिवशी ऊन असेल तर डावागणिक वेगळा भाव काढा. आणि एका-दोन सामन्यांवर निकाल लावू नका. वीस-पंचवीस सामन्यांचा तक्ता करा आणि गुणक दोनच्या वर किती वेळा गेला ते मोजा. मोठा फलंदाज भाव पडलेल्या सामन्यांत, म्हणजे विकेटमागे पंचवीसच्या आत, पुन्हा पुन्हा वर येतो. बाकीच्यांचे आकडे पाट्यावर बहरतात.

सामना जिंकला की हरला, हा रकाना या तक्त्यात ठेवूच नका. १९८७, बंगळूर: पाकिस्तान ११६ आणि २४९, भारत १४५ आणि २०४. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांनी सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले, आणि तिथे गावसकरने चौथ्या डावात ९६ काढल्या. भारत १६ धावांनी हरला, शतकही झालं नाही, म्हणून शतकांच्या यादीत हा डाव सापडत नाही. जिंकून देणं अकरांचं काम असतं.

तो आला तेव्हा काय चाललं होतं

प्रत्येक डावापुढे तीन गोष्टी लिहा: किती बाद किती असताना आला, चेंडू किती षटकं जुना होता आणि दुसऱ्या टोकाला कोण होतं. सलामीवीर प्रत्येक डावात नवा चेंडू खेळतो. पाचव्या-सहाव्या क्रमांकावरच्याला बऱ्याचदा चाळीस षटकं जुना मिळतो, पण ८० षटकांनंतर नवा चेंडू आला तर तोही त्याच्याच गळ्यात. म्हणून क्रमांक वेगवेगळे असलेल्या दोघांची सरळ तुलना करायची नाही.

अजिंक्य रहाणेची कसोटी सरासरी ३८.४६. तक्त्यात ती डोळ्यांत भरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला संघ ३६ धावांत गुंडाळला गेला, कोहली घरी परतला, आणि पुढच्याच मेलबर्न कसोटीत ६१ वर दुसरी आणि ६४ वर तिसरी विकेट पडली असताना या कर्णधाराने ११२ केल्या. सरासरी तरीही ३८ च राहते, आणि तिच्यात भरपूर सुमार डावही आहेत. ते लपवू नयेत. पण त्याच्याबद्दल बोलताना दोन्ही सांगावं लागतं.

शेपटाबरोबर खेळताना दिसणारं कसब वेगळं. मद्रास, १९७५: रॉबर्ट्सचे ६४ धावांत ७ बळी, भारत सर्वबाद १९०, विश्वनाथ नाबाद ९७. असे डाव पाहायला मिळाले तर मोजा, तळाचा फलंदाज गोलंदाजासमोर येऊ नये म्हणून षटकाच्या पहिल्या चार चेंडूंत एकेरी धाव किती वेळा नाकारली आणि शेवटच्या दोनांत किती वेळा घेतली.

काही वेळा धावांपेक्षा चेंडू मोजावे लागतात. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पुजाराच्या २७१ धावा, सरासरी ३३.८७, पण चेंडू खेळला ९२८. ब्रिस्बेनला शेवटच्या दिवशी अंगावर मार खात २११ चेंडूंत ५६. त्या डावात ऑस्ट्रेलियाचा तेज गोलंदाज स्टार्क याच्या १६ षटकांत ७५ धावा गेल्या आणि बळी एकही नाही. ऋषभ पंतचे नाबाद ८९ त्या दमलेल्या गोलंदाजीवरचे आहेत.

वही घेऊन बसा

क्षणचित्रांत फक्त चौकार आणि विकेट दिसतात. त्याऐवजी एक सलग सत्र पाहा. वहीत चार रकाने आखा: मधोमध लागला, कड लागली, चकला, सोडला. डावाचे पहिले ३० चेंडू आणि नव्या चेंडूनंतरचे ३०, एवढे पुरतात. त्याच तासात दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाचेही रकाने भरा, नाहीतर चूक त्याची की खेळपट्टीची ते कळत नाही. दोघेही सहा-सहा वेळा चकले तर खेळपट्टी. एक सहा आणि एक दोन, तर फरक माणसाचा.

गोलंदाजाच्या पाठीमागच्या कॅमेऱ्यातून चेंडूचा टप्पा नीट कळत नाही. रिप्ले बाजूने दाखवतात तेव्हा बॅट आणि चेंडू कुठे भेटले ते बघा. डोळ्यांच्या खाली भेटले तर फलंदाज थांबून खेळतोय. पॅडच्या हातभर पुढे भेटले तर चेंडू जरासा हलला की स्लिपमध्ये झेल. सोडलेले चेंडूही तपासा. बाहेरच्या रेषेवर सोडणं सगळ्यांना येतं. यष्टीवरचा चेंडू उंचीच्या अंदाजाने सोडणारा वरच्या वर्गातला. आणि चकल्यावरचा पुढचा चेंडू सोडू नका. तोच फटका पुन्हा हट्टाने मारतो की अर्धं पाऊल सरकतो, यात पुष्कळ कळतं. सिडनीला २००४ मध्ये सचिनने त्या मालिकेत दगा दिलेला कव्हर ड्राइव्ह जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवून नाबाद २४१ केल्या. दोन दिवस मोह आवरणं कुठल्या आकड्यात बसवणार?

कसोटीच मोजक्या असतील तर दौऱ्यांकडे वळा. भारताचे जुने फलंदाज विजय मर्चंट यांच्या वाट्याला फक्त १० कसोटी आल्या, सगळ्या इंग्लंडविरुद्ध. प्रथम श्रेणीतली त्यांची ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनखालोखालची, पण तिच्यात मुंबईच्या पाटा खेळपट्ट्यांवरच्या धावा भरपूर आहेत म्हणून ती पूर्ण धरवत नाही. १९४६ चा इंग्लंड दौरा घ्या: उघड्या, पावसाने भिजणाऱ्या खेळपट्ट्यांवर २३८५ धावा, सरासरी ७४.५३. त्यानंतर थेट १९५१ ची दिल्ली कसोटी. वय ४०, मधल्या पाच वर्षांत एकही कसोटी नाही, आणि धावा १५४.