फाउंड्रीत शिकाऊ घेताना: जर्मनीकडून काय घ्यावं, स्वित्झर्लंडकडून काय

ओतकामाच्या कारखान्यात, म्हणजे फाउंड्रीत, शिकाऊ घडवण्याची जर्मन पद्धत म्हटली की आठवड्याचे तीन-चार दिवस कारखाना आणि एक-दोन दिवस शाळा, एवढंच डोळ्यांपुढे येतं. वेळापत्रक कुणीही उचलेल. ते तिथं टिकतं ते तीन गोष्टींवर: शिकवण्याची परीक्षा दिलेला प्रशिक्षक, शिकाऊची रोजची वही आणि कारखान्याबाहेरच्या लोकांनी घेतलेली परीक्षा.

आधी शिकवणारा मिस्त्री ठरवा. त्याच्या टार्गेटमधून आठवड्याला चार तास कमी करा आणि ते लेखी द्या. हे टाळलं की पोरगा वर्षभर ट्रॉली ढकलतो. योजना इथंच मरते.

मग ५२ आठवडे वाटून भिंतीवर लावा: वाळू ६, कोअर (नगातल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा गाभा) ८, मोल्डिंग (साचा बनवणं) १८, भट्टी ८, फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई) ४, तपासणी ८. वहीत ‘मोल्डिंग केलं’ असं लिहिलेलं पान परत करा. ‘ग्रीन सँडचा ओलावा ३.५ ऐवजी ५ टक्के निघाला, वाफ कोंडली, सहा नगांत ब्लोहोल’ हे शिकणं झालं. (ग्रीन सँड म्हणजे साच्याची ओलसर वाळू, ब्लोहोल म्हणजे कोंडलेल्या वाफेनं नगात पडलेलं भोक.) दर शनिवारी मिस्त्रीची सही.

लहान फाउंड्रीत सगळं शिकवता येत नाही. कुठं धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर नसतो, कुठं कोअर बनवणारं यंत्र, कोअर शूटर. स्वित्झर्लंडमध्ये यासाठी शाळा आणि कारखान्याखेरीज तिसरी जागा असते: त्या धंद्याच्या संघटनांनी चालवलेले सामाईक वर्ग. कोल्हापूरला हाच भाग सर्वांत जास्त उपयोगाचा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पाच-सहा फाउंड्र्यांनी पोरं आळीपाळीनं एकमेकांकडे पाठवावीत. त्या दिवसांचं विद्यावेतन आणि अपघाताची जबाबदारी कुणाची, हे आधीच कागदावर घ्या.

कायदा आपलाच, १९६१ चा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक. कंत्राटी धरून एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के. फाउंड्री धोकादायक प्रक्रियेत मोडते, म्हणून वय १८ पूर्ण हवं. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवल्याशिवाय कामाला उभं करू नका. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं.

सरकारी परीक्षा शेवटी होईलच. त्याआधी दर तीन महिन्यांनी शेजारच्या फाउंड्रीचा मिस्त्री बोलवा: एक पॅटर्न (नगाचा नमुना), साच्याची एक पेटी, दोन तास. साचा त्यानंच तपासायचा, तुमच्या मिस्त्रीनं नाही.