कृतज्ञतेची वही मध्येच सुटते? या चुका टाळा

‘घर, तब्येत, आई-वडील.’ कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहायचं म्हणून रोज रात्री वहीत हेच तीन शब्द उतरवणारे पंधरवड्यात कंटाळतात आणि आळशीपणाचा दोष स्वतःकडे घेतात. खरं तर आळस नंतर येतो. तेच ते ढोबळ लिहीत राहिलं की मनाला त्याची सवय होते आणि हात नुसता चालत राहतो.

म्हणून घटना लिहा, आणि ती कुणामुळे घडली तेही लिहा. ‘पाणी मिळालं’ एवढ्यानं काही होत नाही. बेळगावच्या वडगावात नळाला पाणी आलं तेव्हा तुम्ही उद्यमबागेत ड्युटीवर होता आणि शेजारच्या अक्कांनी कुणी न सांगता तुमच्या दारातल्या दोन घागरी भरून वर ताटल्या झाकल्या, ही खरी नोंद. आणि ती वहीतच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी अक्कांना ‘भाळ उपकार आत्री’ (फार उपकार झाले) म्हणा. कन्नड मोडकं असलं तरी चालतं.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीचं कारणही लिहिलं. त्यांच्यावरचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. पण त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी मांडलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: सुरुवातीला रोज लिहा, शिळं वाटू लागलं की रविवारपुरतं ठेवा. तेही सुचेना तर एकच गोष्ट घ्या आणि ती नसती तर आजचा दिवस कसा गेला असता, ते लिहा. खाडा पडला तर मागचे दिवस भरत बसू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दुःखावर कृतज्ञतेचं पांघरूण घालणं. चिकोडीकडच्या शेतकऱ्याचं उसाचं बिल थकलंय, मुलीची फी भरायची आहे, आणि घरचे म्हणतात, ‘आहे त्यात समाधान मान.’ हे त्याला एकटं पाडणं आहे. त्यानं आधी चीड लिहावी, हवी तेवढी. चांगलं काही आठवलं तर त्याखाली, नाही आठवलं तर पान तसंच सोडावं.

आणि झोप उडालेली, जेवण नकोसं, कशातच मन नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.